घरचा सूर

माळा आवरायला घेतला की घराचा इतिहास धूळ झटकीत खाली उतरतो. आमच्या उत्तर कोकणातील जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये या माळ्यावर पुष्कळदा एक लांबट काळी पेटी सापडते. आत व्हायोलिन असते. तारा तुटलेल्या, घोडी निसटलेली, गजाचे केस कसरीने खाल्लेले. आजोबा चर्चमध्ये वाजवीत, एवढीच माहिती घरातील धाकट्यांना असते. त्याच माळ्यावर, बहुधा बुटांच्या जुन्या खोक्यात, कॅसेटी रचून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर बॉलपेनने लिहिलेले असते : ‘आजीची गाणी’, ‘थोरलीचे लग्न, १९८४’, ‘नाताळ’. ऐकायला यंत्र उरलेले नाही आणि टाकून द्यायला हात धजत नाही. म्हणून खोके पुन्हा माळ्यावर जाते.

वाद्य आणि ध्वनिफीत या दोन वस्तू अशा शेजारी शेजारी का येऊन पडल्या, हा प्रश्न आम्हांला अनेकदा पडला आहे. एका पिढीने घरात वाद्य वाजविले, पुढच्या पिढीने घरात गाणे मुद्रित केले, आणि त्यापुढच्या पिढीने दोन्ही माळ्यावर टाकले, असे सोपे उत्तर देऊन मोकळे होता येईल. पण घरातील ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहिला म्हणजे लक्षात येते की ही गोष्ट इतकी सरळ नाही. आपला सूर आपणच साठवावा ही माणसाची हौस जुनी आहे. ती हौस एकदा घराला मिळाली, मग हिरावली गेली आणि अर्ध्या शतकानंतर पुन्हा मिळाली. ती कशी, आणि ती परत मिळवून देण्यात एका छांदिष्ट गिटारवादकाचा वाटा किती मोठा होता, हे या लेखात सांगण्याचा आमचा मानस आहे.

बोलणारे यंत्र

१८७७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मेन्लो पार्क येथील आपल्या प्रयोगशाळेत थॉमस अल्वा एडिसन यांनी फोनोग्राफ तयार केला. फिरत्या नळकांड्यावर कथिलाचा पातळ वर्ख गुंडाळलेला, त्यावर एक सुई, आणि सुईला जोडलेला पडदा. पडद्यासमोर बोलले की सुई वर्खावर खाचा उमटवी. त्याच खाचांवरून सुई पुन्हा फिरविली की आवाज परत येई. पुढच्याच वर्षी एका मासिकात लेख लिहून एडिसन यांनी या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले. पत्रे तोंडी सांगणे, अंधांसाठी पुस्तके वाचून ठेवणे, संगीत पुन्हा ऐकविणे असे ते उपयोग होते. त्यांत एक उपयोग आमच्या मनाला विशेष भिडतो : कुटुंबाची ध्वनिवही. घरातील माणसांचे आवाज, त्यांच्या आठवणी आणि मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्दही या यंत्रात जपून ठेवता येतील, असे त्यांनी लिहिले होते.

आज आपण विसरून गेलो आहोत ते हे की फोनोग्राफ हे केवळ ऐकण्याचे यंत्र नव्हते. ते ऐकण्याचे आणि बोलण्याचेही यंत्र होते. वर्खाची जागा पुढे मेणाच्या नळकांड्याने घेतली. कोरी नळकांडी बाजारात मिळत. मुद्रण बिघडले तर मेणाचा वरचा थर तासून काढायचा आणि पुन्हा गायचे. कर्ण्यात तोंड घालून गाणाऱ्या पोरांची आणि दटावणाऱ्या वडीलधाऱ्यांची अशी नळकांडी युरोप-अमेरिकेतील घराघरांत तयार झाली. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक हेच यंत्र घेऊन १९०६ पासून खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांच्या तोंडची गाणी त्यांनी त्यात भरून घेतली. गाणाऱ्याच्या अंगणात जाऊन त्याचा सूर टिपणारे हे यंत्र खऱ्या अर्थाने घरगुती होते.

तबकडीचे राज्य

पण व्यवहाराचे गणित वेगळे असते. नळकांड्यांच्या प्रती काढणे कठीण होते. एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली. एका साच्यावरून हजारो तबकड्या ठोकून काढता येऊ लागल्या. संगीत स्वस्त झाले, दूरवर पोहोचले. मात्र घरी आलेल्या ग्रामोफोनला मुद्रण करता येत नव्हते. त्याला फक्त गाता येई, ऐकता येत नसे. मुद्रण करणारे यंत्र कंपनीकडे राहिले, आणि घराच्या वाट्याला श्रोत्याची खुर्ची आली.

या नव्या व्यवस्थेचा प्रवासी दूत म्हणजे ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग. १९०२ हे एकच वर्ष पाहा. एप्रिल महिन्यात त्यांनी मिलान शहरातील हॉटेलात एन्रिको कारुसो या तरुण गायकाचा आवाज मुद्रित केला. त्याच महिन्यात रोममध्ये, व्हॅटिकनच्या सिस्टाइन गायनमंडळातील आलेस्सांद्रो मोरेस्की यांचे गायन त्यांनी तबकडीवर घेतले. शतकानुशतके चालत आलेल्या एका गायनपरंपरेचा हा शेवटचा आणि एकमेव ध्वनिरूप पुरावा ठरला. आणि वर्ष संपण्यापूर्वी, नोव्हेंबरात, हेच गृहस्थ कलकत्त्यात गौहर जान यांच्यापुढे कर्णा रोखून बसले होते. आपल्या देशातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ तो हाच. जगातील थोर गळे अशा रीतीने घराघरांत आले. हा लाभ लहान नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याची किंमत काय, असा प्रश्न विचारणाराही एक माणूस होता. अमेरिकेचे ख्यातनाम बँडप्रमुख जॉन फिलिप सूसा यांनी १९०६ साली ‘यांत्रिक संगीताच्या धोक्या’वर एक कडक लेख लिहिला. यंत्र घरात आले की हौशी वादक नाहीसा होईल. मुले रियाज सोडतील. आई बाळाला स्वतःच्या गळ्याने निजविण्याऐवजी यंत्र लावून देईल, अशी भीती त्यांनी बोलून दाखविली. त्यांचा स्वतःचा बँड तबकड्यांमुळेच जगभर पोहोचला होता, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी तेव्हाही दाखविली असेल. तरीही त्यांच्या भीतीतला गाभा खोटा म्हणवत नाही. ज्या घरात संगीत बाहेरून येते, त्या घरातले संगीत हळूहळू लाजून गप्प बसते. आमच्या माळ्यावरील व्हायोलिनला याहून वेगळे काय झाले?

मुकी वाद्ये

घरातून निघालेल्या वाद्यांना जागा देणारे लोकही याच काळात पुढे आले. न्यू जर्सीत राहणाऱ्या मेरी एलिझाबेथ ब्राऊन या बँकरपत्नीने देशोदेशींची वाद्ये जमविण्याचा ध्यास घेतला. स्वतः फारसा प्रवास न करता मिशनरी, व्यापारी आणि वकिलातींतील अधिकारी यांच्याशी पत्रव्यवहार करून तिने वाद्ये मागविली. १८८९ साली तिने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देण्यास प्रारंभ केला. पतीच्या नावाने दिलेल्या या संग्रहातील वाद्यांची संख्या तिच्या हयातीत तीन हजारांपलीकडे गेली. आपल्या पुण्यातही दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारे यांच्याबरोबर वाद्येही गोळा केली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी उभारलेले संग्रहालय १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथील वाद्यांचे दालन पाहताना आपण नकळत हलक्या आवाजात बोलू लागतो.

अशा संग्राहकांचे ऋण मोठे आहे. पण काचेमागील वाद्य पाहताना एक खंत मनात उरतेच. लाकूड जपले, हस्तिदंत जपले, कोरीव काम जपले. सूर मात्र जपला गेला नाही. हे वाद्य ज्याने वाजविले त्याची बोटे कशी चालत, तो कोठे थांबे, हे काच सांगू शकत नाही. वाद्य आणि त्याचा सूर ही जोडी एकाच छपराखाली नांदायची असेल, तर वाजविणाऱ्याच्याच हाती मुद्रणाचे यंत्र यायला हवे होते. ते ज्याच्या हाती आले, किंबहुना ज्याने ते ओढून आपल्या घरी आणले, त्याची कथा आता सांगायची.

वॉकेशाचा पोर

लेस्टर पोल्सफस याचा जन्म ९ जून १९१५ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा या गावी झाला. जग त्याला पुढे लेस पॉल या नावाने ओळखू लागले. शाळेतले संगीताचे शिक्षण त्याच्या वाट्याला फारसे आले नाही, स्वरलिपी त्याला कधी आली नाही. पण वस्तू उघडून पाहण्याचा नाद मात्र पाळण्यापासूनचा. घरात आईचा पियानोला होता. कागदाच्या गुंडाळीला पाडलेल्या भोकांप्रमाणे आपोआप वाजणारा हा पियानो. लेस्टरने त्या गुंडाळीला आपल्या मनाची आणखी भोके पाडली आणि मूळ गाण्यात नव्हते ते सूर वाजू लागले. एकाच गाण्यावर दुसरा सूर रचता येतो, हे आपल्याला तेव्हा उमगले, असे ते म्हातारपणीही सांगत.

तोंडाने माउथ ऑर्गन आणि हातांनी गिटार एकदम वाजविता यावी म्हणून त्याने गळ्यात अडकविण्याचे धारक बनविले. खाद्यपदार्थांच्या एका दुकानापाशी वाजवीत असताना मागे बसलेल्यांना गिटार ऐकू येत नाही, अशी तक्रार आली. तेव्हा पोराने टेलिफोनचा बोलण्याचा भाग काढून घरच्या रेडिओला जोडला आणि आपला आवाज मोठा केला. ग्रामोफोनची सुई गिटारच्या अंगात रोवून तिचाही आवाज दुसऱ्या रेडिओतून काढला. आईचा रेडिओ, आईचा पियानो आणि आईचा टेलिफोन या सगळ्यांची चिरफाड झाली, पण एव्हलिन या माउलीने मुलाला अडविल्याचे कोठे नमूद नाही.

तिशीच्या आत लेस पॉल व्यावसायिक वादक झाले. पोकळ गिटारचे अंगही तारांबरोबर थरथरते आणि आवाज मोठा केला की ती थरथर घोंघावू लागते, हा त्यांचा जुना सल होता. १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोन या गिटार कारखान्यात रविवारी, कामगार नसताना, बसण्याची परवानगी त्यांनी मिळविली. चार इंच रुंद आणि चार इंच जाड अशा पाइनच्या भरीव ओंडक्यावर त्यांनी तारा ताणल्या. त्याला ते ‘लॉग’, म्हणजे ओंडकाच, म्हणत. लोकांना तो ओंडका पाहवेना, म्हणून एक जुनी गिटार उभी कापून तिचे दोन भाग पंखांसारखे दोन्ही बाजूंना चिकटविले. तेव्हा कोठे श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. माणूस डोळ्यांनीही ऐकतो, हा धडा त्यातून मिळाला. गिब्सन कंपनीला त्यांनी ही कल्पना दाखविली तेव्हा तिची थट्टा झाली. लिओ फेंडर यांनी १९५० साली भरीव गिटार बाजारात आणल्यावर मात्र गिब्सनला जाग आली, आणि १९५२ पासून लेस पॉल यांच्या नावाची गिटार विकली जाऊ लागली. या वाद्याचा शोध एकट्या लेस पॉल यांनी लावला असे म्हणता येणार नाही. एकाच काळात अनेकांचे हात त्या दिशेने चालले होते.

गॅरेजमधील तबकड्या

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. लेस पॉल हॉलिवूडला होते आणि सुप्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी यांना साथ करीत होते. ‘गोइंग माय वे’ (१९४४) या चित्रपटात फादर ओमॅली या धर्मगुरूची भूमिका करून ऑस्कर मिळविणारे क्रॉस्बी ते हेच. मुद्रणगृहांतल्या अभियंत्यांविषयी लेस पॉल यांची सदा कुरकुर असे. मग स्वतःचेच मुद्रणगृह का उभारीत नाहीस, असे क्रॉस्बी यांनी सुचविले. त्याच सुमारास आई त्यांना म्हणाली की काल रेडिओवर तुझी गिटार ऐकली. ती गिटार त्यांची नव्हतीच. दुसराच कोणी वाजवीत होता. स्वतःच्या आईला आपला सूर ओळखता येत नसेल तर आपण वाजवितो तरी कशाला, हा काटा त्यांच्या मनात रुतला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. कामे बाजूला सारून ते घराच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले.

त्या गॅरेजमधले यंत्र म्हणजे जुगाडाचा नमुनाच होते. मेणासारख्या मऊ लेपाच्या तबकड्या कापणारा लेथ त्यांनी स्वतः जुळविला. फिरती थाळी अजिबात न डगमगता फिरायला हवी. म्हणून कॅडिलॅक मोटारीचे अचूक तोललेले फ्लायव्हील आणून त्याची थाळी केली. पद्धत अशी : पहिल्या तबकडीवर एक गिटार मुद्रित करायची. मग ती वाजत असताना तिच्याबरोबर दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायच्या. मग तिसरी, मग चौथी. दर पायरीला आधीच्या सुरांवर थोडी धूळ चढे, म्हणून कमी महत्त्वाचे सूर आधी आणि मुख्य सूर शेवटी वाजवावे लागत. थाळीची गती निम्मी करून वाजविले की पूर्ण गतीवर ऐकताना गिटार दुप्पट वेगाने आणि एक सप्तक वर चिवचिवू लागे. अशा आठ गिटारांचे ‘लव्हर’ हे मुद्रण १९४८ साली कॅपिटल कंपनीने काढले आणि ऐकणारे चक्रावले. आठही गिटारी एकाच माणसाच्या होत्या.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एकाने अनेक वाद्ये वाजवून एकावर एक मुद्रित करण्याचा प्रयोग सिडनी बेशे या कृष्णवर्णीय वादकाने १९४१ सालीच केला होता. पण तो कंपनीच्या मुद्रणगृहात झालेला एक चमत्कार होता. लेस पॉल यांनी तो चमत्कार घरात आणला आणि त्याला रोजच्या कामाचे रूप दिले.

यश दाराशी आले असताना जानेवारी १९४८ मध्ये ओक्लाहोमा राज्यात बर्फाळ रस्त्यावरून त्यांची मोटार खाली कोसळली. उजव्या कोपराचा चुरा झाला. हात कापावा लागेल की काय, असा प्रसंग होता. कोपर पुन्हा कधी वाकणार नाही हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरांना विनंती केली, की हात कायमचा जोडायचाच आहे तर गिटार धरता येईल अशा कोनात जोडा. डॉक्टरांनी तसेच केले. दीड वर्षाच्या आसपास काळ सावरण्यात गेला. पुढची साठ वर्षे हा माणूस त्याच न वाकणाऱ्या हाताने वाजवीत राहिला.

फीत घरी येते

चुंबकीय ध्वनिफितीची मुळे जर्मनीत आहेत. फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली कागदाच्या पट्टीला लोहचूर्णाचा लेप देण्याचे पेटंट घेतले, आणि १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. युद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकन सैनिकी अभियंत्याने अशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी पाठविली. ती ऐकून बिंग क्रॉस्बी हरखले. रेडिओचा कार्यक्रम दर आठवड्याला थेट सादर करण्याच्या जाचातून त्यांना सुटका हवी होती. त्यांनी अँपेक्स या लहानशा कंपनीत पन्नास हजार डॉलर गुंतविले, आणि १९४८ मध्ये अमेरिकन टेपरेकॉर्डर तयार झाला. १९४९ साली त्यांनी त्यातले एक यंत्र लेस पॉल यांच्या अंगणात आणून ठेवले.

लेस पॉल यांनी त्या यंत्राला एक जास्तीचे हेड बसविले. आधीचे मुद्रण पुसले जाण्याच्या क्षणभर आधी ते ऐकायचे, त्यात नवा सूर मिसळायचा आणि दोन्ही एकत्र पुन्हा त्याच फितीवर उतरवायचे, अशी ही युक्ती होती. तबकड्यांचा ढीग संपला. मुद्रणगृह आता मोटारीत मावू लागले. मात्र या युक्तीत एक निर्दय अट होती. दर नव्या थराबरोबर जुना थर कायमचा पुसला जाई. दहावा सूर वाजविताना एक बोट चुकले, दारावर कोणी थाप मारली किंवा वरून विमान गेले, तर आधीचे नऊही सूर गेले. पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

या अटीवर त्यांच्याबरोबर गाणारी स्त्री म्हणजे त्यांची पत्नी मेरी फोर्ड. तिचे मूळ नाव आयरिस कोलीन समर्स. दोघांचे लग्न डिसेंबर १९४९ मध्ये झाले. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागातील घरात दोघांनी ‘हाऊ हाय द मून’ हे गीत मुद्रित केले. मेरीचा एकच गळा अनेक गळ्यांचा होऊन स्वतःच्याच साथीला उभा राहिला. १९५१ साली हे गीत अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. आधुनिक मुद्रणगृह नव्हते, वाद्यवृंद नव्हता; राहत्या घरात, शेजाऱ्यांच्या वर्दळीतून वेळ चोरून केलेले हे काम होते. गायिकेने मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभे राहून गावे, ही आज सर्वत्र रूढ असलेली रीतही या जोडप्याने लोकप्रिय केली.

पुढे न्यू जर्सीतील माह्वा येथे त्यांनी मोठे घर घेतले. आठ स्वतंत्र ट्रॅक असलेला टेपरेकॉर्डर लेस पॉल यांनी अँपेक्सकडून करवून घेतला. कंपनीचे रॉस स्नायडर यांनी ती रचना सिद्ध केली, आणि १९५७ साली दहा हजार डॉलर किमतीचे ते प्रचंड धूड घरी आले. त्याचे नाव पडले ‘ऑक्टोपस’. आता एक चूक झाली तरी बाकीचे सात ट्रॅक शाबूत राहत. जगातील मुद्रणगृहे पुढे ज्या वाटेने गेली तिचा आरंभ असा एका राहत्या घरात झाला. पण विधिलिखित असे की यंत्र आले तेव्हा या जोडप्याच्या लोकप्रियतेला ओहोटी लागली होती. घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंतच उरली नव्हती. दूरदर्शनचे कार्यक्रमही घरातच चित्रित होत. संसार या ओझ्याखाली वाकला आणि १९६४ साली दोघे विभक्त झाले. घर हे मुद्रणगृह होऊ शकते. पण मुद्रणगृह हे नेहमीच घर होऊ शकत नाही. हौशी माणसाने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

१२ ऑगस्ट २००९ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी लेस पॉल वारले. संधिवाताने बोटे आखडली होती, तरी अखेरच्या वर्षापर्यंत दर सोमवारी न्यूयॉर्कमध्ये ते वाजवीत. २०१२ साली त्यांच्या गिटारी आणि यंत्रे यांचा लिलाव झाला आणि त्यातून सुमारे पन्नास लाख डॉलर त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाला मिळाले.

खिशात मावणारे मुद्रणगृह

ऑक्टोपस सामान्यांच्या आवाक्यातला नव्हता. सामान्यांचे यंत्र आले ते हॉलंडच्या फिलिप्स कंपनीकडून. लू ओटेन्स यांच्या चमूने तयार केलेली कॅसेट १९६३ साली बर्लिन येथे मांडली गेली. कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा आधी करून मग त्या मापात यंत्र बसविण्याचा आग्रह ओटेन्स यांनी धरला होता. १९७९ साली जपानच्या टिअॅक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र आणले. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात, शयनगृहात बसून, अशाच यंत्रावर आपली नवी गीते कच्च्या रूपात मुद्रित केली. पुढे मोठ्या मुद्रणगृहात वाद्यमेळासह तीच गीते पुन्हा करून पाहिली. पण खिशात हिंडलेल्या त्या कॅसेटमधला एकाकीपणा काही केल्या येईना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. घराच्या सुराला मुद्रणगृहापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही, हे तिने सिद्ध केले.

आपल्याकडे याच सुमारास, १९८०च्या दशकात, टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय घरांत शिरला. आखातातून येणाऱ्या आप्ताच्या सामानात तो हमखास असे. लाल बटण आणि त्याच्या शेजारचे बटण एकदम दाबले की मुद्रण सुरू होई. तबकडीने ऐंशी वर्षांपूर्वी काढून घेतलेला हक्क त्या दोन बटणांनी घराला परत दिला. लग्नघरात उंबराचे पाणी आणायला निघालेल्या बायकांची गाणी, घुमटाचा ठेका, मध्येच भांड्याचा आवाज, कोणाचे तरी रडणे, हे सारे त्या फितीत शिरले. अशा गाण्यांसाठी त्या मांडवात कोणा कंपनीचा गैसबर्ग येणार नव्हता.

खोके खाली काढू या

आता आमच्या माळ्याकडे परत वळू. मडक्याच्या तोंडाला घोरपडीचे कातडे ताणून घुमट बनत असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते कातडे वर्ज्य ठरले, आणि ते योग्यच झाले. आज बकऱ्याचे कातडे वापरतात. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. नवे घुमट घडविता येते, तुटलेल्या व्हायोलिनला नवी घोडी बसविता येते. वाद्य धीर धरते. फीत मात्र धीर धरीत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी चढते, आतील नमद्याचा तुकडा गळून पडतो, लेप सुटू लागतो.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख संपवितो. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट घाईने यंत्रात घालू नये. जाणकाराकडून ती साफ करून घ्यावी. चांगली दिसणारी कॅसेटसुद्धा आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळावी, मगच लावावी. पहिल्यांदा लावाल तेव्हाच संगणकावर किंवा मोबाइलवर तिची प्रत उतरवावी. कारण ती वाजण्याची ती शेवटची वेळही असू शकते. कवच मोडले असेल तर फीत दुसऱ्या कवचात घालता येते. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाणारी कोण, गाव कोणते, प्रसंग कोणता, साल कोणते, हे घरातील वडीलधारे आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे. नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांत परका होतो.

आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये लेस पॉल यांच्या ऑक्टोपसहून समर्थ मुद्रणगृह आहे. यंत्राची उणीव उरलेली नाही. उणीव असलीच तर समोर बसवून ‘आई, ते गाणे पुन्हा म्हण’ असे सांगण्याची आहे.

वॉकेशाच्या एका आईला आपल्या मुलाचा सूर ओळखता आला नाही, म्हणून तो मुलगा गॅरेजमध्ये जाऊन बसला आणि आपला सूर त्याने घडविला. आमच्या माळ्यावर गोष्ट उलटी आहे. तेथे खोक्यात आईचा सूर आहे आणि तो ओळखणारी मुले अजून हयात आहेत. ती आहेत तोवर खोके खाली उतरले पाहिजे.